झटपट उपवास की मात्रेचे भोजन?
क्रियाशील विद्यार्थ्यांच्या वजन-नियमनाविषयी एक पाठ

निवासी शाळेच्या स्मरणिकेत संस्थेच्या स्थापनेचा, इमारतींचा आणि यशस्वी विद्यार्थ्यांचा इतिहास यावा, हे उचितच आहे. परंतु वसतिगृहाला ताटाचाही एक इतिहास असतो आणि तो सहसा कोणी लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या घरी रेशनच्या मिलोची भाकरी खाऊन दिवस निघाले, त्या पिढीतील कितीतरी मुले शिक्षणासाठी वसतिगृहात आली. दोन वेळचे जेवण नेमाने मिळते, हेही त्या येण्यामागचे एक कारण होते. त्या पिढीने ताटात कधी काही टाकले नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊनही पूर्णपणे सुटलेला नाही. अशा भूमीत वाढलेली, भरल्या ताटासमोर बसलेली मुले आज स्वतःहून उपाशी राहू लागली आहेत. कोणाला कुस्तीचा किंवा मुष्टियुद्धाचा खालचा वजनगट गाठायचा आहे, कोणाला पोलीस भरतीसाठी अंग हलके करायचे आहे, तर कोणाला मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेल्या शरीरासारखे शरीर महिनाभरात हवे आहे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक या नात्याने मला हा विषय स्मरणिकेत मांडणे आवश्यक वाटते, कारण या बाबतीत माझ्या हातून झालेल्या एका चुकीचे ऋण अजून फिटलेले नाही.

एक प्रसंग

वऱ्हाडाला मैदानाची परंपरा मोठी आहे. अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर सादर केली. अकोल्यात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने मुष्टियुद्धाची आवड खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचवली. त्याच ओढीने आपल्या वसतिगृहातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी जिल्हास्तरीय मुष्टियुद्ध स्पर्धेस उतरला. स्पर्धेच्या चार दिवस आधी वजन केले, तेव्हा तो आपल्या वजनगटाच्या मर्यादेपेक्षा तीन किलो अधिक भरला. वरच्या गटातील मुले त्याला धिप्पाड वाटत होती. "सर, चार दिवसांत उतरवतो," असे तो म्हणाला आणि मी "प्रयत्न कर" एवढेच म्हणालो. वजन कसे उतरवणार, हे मी विचारले नाही.

भोजनगृहातील मावशींनी तिसऱ्या दिवशी मला हटकले. "सर, तो पोरगा भाकर घेतच नाई. निस्तं वरण पेते अन् उठते." मी ते ऐकले आणि स्पर्धेच्या धावपळीत विसरलो. शेवटच्या दिवशी त्याने पाणीही सोडले. अंगात दोन स्वेटर चढवून तो ऑक्टोबरच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारत राहिला. दुसऱ्या दिवशी वजन बरोबर भरले. लढतीच्या दुसऱ्या फेरीत मात्र त्याचे पाय लटपटू लागले आणि पंचांनी लढत थांबवली. संध्याकाळी दवाखान्यात सलाईन सुरू असताना त्याने मला विचारले, "सर, वजन तं बराबर भरलं होतं ना?"

विद्यार्थी मित्रहो, हा पाठ त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

काट्यावरून नेमके काय उतरले?

प्रथम साधे गणित करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० आणि त्याच वयाच्या मुलीला सुमारे २५०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. शरीरातील एक किलो चरबी वापरली जाण्यासाठी सुमारे ७७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते.

आपल्या मुलाने चार दिवस निम्मे जेवण घेतले असे धरले, तर रोजची तूट १६६० आणि चार दिवसांची ६६४० किलोकॅलरी झाली. ही सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली असे मानले, तरी चरबी ८६० ग्रॅमच्या वर घटू शकत नाही. चारही दिवस त्याने अन्नाचा कणही घेतला नसता, तरी पावणेदोन किलोंच्या पुढे मजल गेली नसती. काट्याने मात्र तीन किलो दाखवले. मग उरलेले वजन कशाचे होते?

त्याचे उत्तर आपल्या स्नायूंत आणि यकृतात आहे. भाकरी, भात, पोळी यांतून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. धावताना, ठोसा मारताना, चढाई करताना हेच इंधन प्रथम कामी येते. प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. भाकरी-भात बंद केला की दोन-तीन दिवसांत हा साठा रिता होतो आणि त्याच्याबरोबर ते पाणीही निघून जाते. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात आणि पाहणारा हरखून जातो. झटपट आहारपद्धतींच्या जाहिराती ज्या पहिल्या आठवड्याच्या यशावर उभ्या असतात, त्या यशाचा मोठा भाग हा असा पाण्याचा असतो. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू होताच ते वजन परत येते. त्यात माणसाचा आळस नाही की दुबळेपणाही नाही; रिकामे कोठार भरून घेणे हा शरीराचा धर्मच आहे.

म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने चार दिवसांत चरबी थोडी आणि इंधन व पाणी मात्र भरपूर गमावले. ज्या बळावर त्याला लढायचे होते, तेच बळ काट्यावर चढण्यापूर्वी त्याने काढून ठेवले होते.

घाम गाळून घटवलेले वजन

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले, तरी दमश्वास आणि एकाग्रता खालावू लागते. पन्नास किलोंच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी अवघे एक लिटर होते. रक्तातील पाणी घटले की हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते, घाम कमी सुटतो आणि शरीराची उष्णता आतच कोंडते. अकोल्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत प्लास्टिकचे किंवा रबरी कपडे घालून धावणे म्हणजे उष्माघाताला स्वतःहून बोलावणे होय.

ही केवळ शिक्षकाची भीती नव्हे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिन्याभराच्या थोड्या अधिक अवधीत, तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन तरुण मल्ल वजनगटात बसण्यासाठी घाम गाळताना मृत्युमुखी पडले. तिघेही उबदार कपडे चढवून, पाणी तोडून, तापलेल्या जागेत व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या आणि मूत्रल औषधे यांवर बंदी घातली आणि वजन मोजण्याचे नियम बदलले. तीन घरांतील मुले गेल्यावर नियमावली बदलली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

मोठ्या मैदानांवरचे दोन धडे

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील विनेश फोगाट यांचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. ६ ऑगस्ट रोजी त्यांनी ५० किलो गटात एकाच दिवशी तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. त्यानंतर रात्रभर वजन उतरवण्याचे प्रयत्न झाले, केसही कापले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे वजन मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक यांचे पथक पाठीशी असलेल्या, अनेक वर्षांच्या अनुभवी खेळाडूच्या बाबतीतही शरीराने शेवटचे १०० ग्रॅम सोडले नाहीत. मग वसतिगृहातील मुलाने चार दिवसांत, कोणालाही न विचारता, हा प्रयोग करावा काय?

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रातील आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे ते त्याच्या वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवले. त्या पदकामागे अनेक कारणे होती. केवळ गट बदलल्यामुळे ते मिळाले, असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि वरच्या गटात जाणे ही माघार नव्हे, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते. वाढत्या वयातील मुलाचे हाड वाढते, स्नायू भरतो. त्या वाढीबरोबर वजनगटही वाढावा, हेच नैसर्गिक आहे.

भुकेचा मनावरील परिणाम

अपुऱ्या आहाराचा परिणाम केवळ स्नायूंवर होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना त्यांच्या गरजेच्या जवळपास निम्मा आहार देण्यात आला आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालण्याचा नेमही चालू ठेवण्यात आला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर त्यांचा उत्साह मावळला, थंडी सोसेनाशी झाली, स्वभाव चिडखोर झाला आणि मन सतत अन्नाभोवती फिरू लागले. त्यांच्यापैकी काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. प्रयोग संपल्यावर पोट भरले, तरी कित्येकांची भूक दीर्घकाळ शमली नाही.

वसतिगृहात अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याने याचा विचार करावा. अर्धपोटी मुलापुढे उघडलेले पुस्तक तसेच राहते; डोळे ओळींवर असतात आणि मन भोजनगृहात असते. पुढे केव्हातरी संयम सुटतो, एका बैठकीत तिप्पट खाल्ले जाते, त्याची लाज वाटते आणि दुसऱ्या दिवसापासून अधिक कडक उपवास सुरू होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की अन्न हे पोषण न राहता शत्रू होऊन बसते.

आहाराच्या लाटा आणि गोळ्यांचे डबे

सुमारे २०१८ पासून महाराष्ट्रात घरोघरी आहारावर मोठी चर्चा झाली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, दिवसातून दोनच वेळा जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत एकीकडे, आणि थोड्या थोड्या अंतराने घरचे, स्थानिक अन्न खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांची पद्धत दुसरीकडे, असे दोन पक्षच पडले. त्या वादाचा निवाडा हा या पाठाचा विषय नाही. ती चर्चा प्रामुख्याने प्रौढांच्या स्थूलतेविषयी आणि मधुमेहाविषयी होती. पहाटे पाच वाजता मैदानावर उतरणारे आणि संध्याकाळी पुन्हा सरावाला जाणारे सोळा वर्षांचे मूल तिच्या केंद्रस्थानी नव्हते. ज्याला दिवसाला तीन हजारांहून अधिक किलोकॅलरी लागतात, त्याने वडिलांची पाहून दोनच वेळा जेवण्याची पद्धत उचलली, तर त्याच्या सरावाला इंधन कोठून मिळणार? एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याने विचारल्यावाचून घेऊ नये, हा नियम आहारालाही लागू आहे.

बाजारातील गोळ्या, चूर्णे आणि ‘चरबी जाळणारी’ पेये यांच्याविषयी तर अधिक सावध राहावे. जुलाबाच्या औषधाने आतड्यांतील पाणी जाते, मूत्रल औषधाने रक्तातील पाणी व क्षार जातात. चरबी दोहोंनीही जात नाही. क्षारांचे प्रमाण बिघडले, तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. शिवाय मूत्रल औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. अजाणतेपणी घेतलेली गोळीदेखील खेळाडूची वर्षे वाया घालवू शकते.

राजा प्रसेनजिताचा भात

वजन घटवण्याची एक अतिशय जुनी आणि शहाणी हकीकत संयुत्त निकायात आली आहे. कोसलचा राजा प्रसेनजित दोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवान बुद्धांच्या भेटीस आला. त्याची अवस्था पाहून बुद्धांनी त्याला एक गाथा सांगितली. जो मनुष्य सदैव जागरूक राहतो आणि मिळालेल्या अन्नात आपली मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, त्याचे वार्धक्य सावकाश येते आणि त्याचे आयुष्य जपले जाते, असा तिचा आशय. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणास ती गाथा शिकून घेण्यास आणि भोजनाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. पुढे राजा हळूहळू एक नाळीभर तांदळाच्या भातावर आला आणि त्याचे शरीर सडपातळ झाले. अट्ठकथेत असाही तपशील आहे की, राजा शेवटचा घास उचलू लागला की गाथा म्हटली जाई, राजा तो घास बाजूला ठेवी आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवले जात.

या हकिकतीत आहारशास्त्राचे चार नियम आहेत. पहिला, राजाने उपवास केला नाही. तो रोज जेवत राहिला. दुसरा, त्याने आपले नेहमीचे अन्न टाकले नाही. भात खाणारा भातच खात राहिला, फक्त मात्रा बदलली. तिसरा, घट एकेका घासाने झाली, त्यामुळे शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळाला. चौथा नियम मला शिक्षक म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो. राजाने हे एकट्याने केले नाही. त्याच्या ताटाशी आठवण देणारा एक माणूस बसलेला होता. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या ताटाशी मी बसलो नव्हतो. मावशी मात्र उभ्या होत्या.

पाली वाङ्मयात या गुणाला ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणजे भोजनातील मात्रज्ञता म्हटले आहे. मात्रा ओळखणे म्हणजे अति खाणे टाळणे, एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. कठोर देहदंडनाने शरीर क्षीण झाल्यावर सिद्धार्थ गौतमांनी पुन्हा अन्न ग्रहण केले आणि मध्यम मार्ग स्वीकारला, हे लक्षात घेतले तर अर्थाची दुसरी बाजूही उमगते. गरजेपेक्षा कमी खाणे हासुद्धा मात्रेचा भंगच आहे.

समंजस मार्ग कोणता?

वजन घटवण्यापूर्वी ते घटवायचे कशासाठी, हा प्रश्न विचारावा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांसाठी मिळून ५० गुण असतात. वजनकाट्याला त्यात एकही गुण नाही. तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्याने धावण्याची वेळ सुधारावी. उपाशीपोटी ती सुधारत नाही आणि गोळाही दूर जात नाही.

अठरा वर्षांखालील, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वजन घटवण्याच्या मागे लागूच नये. त्यांनी योग्य जेवावे, खेळावे, झोपावे आणि शरीराला उंचीबरोबर आपले प्रमाण साधू द्यावे. प्रौढ खेळाडूंना, माजी विद्यार्थ्यांना आणि आम्हा शिक्षकांना ज्यांना खरोखर वजन कमी करायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील नियम उपयुक्त आहेत.

१. आठवड्याला सुमारे अर्धा किलो घट पुरेशी मानावी. रोज ५०० किलोकॅलरींची तूट आठवड्यात ३५०० होते आणि तीतून जवळपास इतकीच चरबी घटते. तीन किलोंसाठी सहा-सात आठवडे लागतात. म्हणून हे काम स्पर्धेच्या आठवड्यात न करता हंगामापूर्वी करावे.

२. ही तूट भाकरी-वरणातून काढू नये. तळण, साखर आणि अवेळी खाणे यांतून काढावी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. चौकातील आलूबोंडा, गिलावडा, तीन-चार गोड चहा आणि बाटलीतील शीतपेय यांचा आठवडाभराचा हिशेब वहीत लिहिला, तर तूट कोठून काढावी हे आपोआप दिसते.

३. प्रथिने कमी पडू देऊ नयेत. नियमित सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोंच्या व्यक्तीला किमान ६० ग्रॅम. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून सुमारे २०, पाऊण वाटी कोरड्या तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीतून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, तेवढ्याच हरभऱ्यातून ९, दीड पेला दुधातून ९ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज पासष्टच्या पुढे जाते. अंडे न खाणाऱ्याने दही किंवा हरभरा वाढवावा. वऱ्हाडातील साध्या ताटाला महागड्या डब्याची गरज नाही.

४. सरावापूर्वी आणि सरावानंतर भाकरी, भात, केळे असे काहीतरी पोटात असावे. सरावाच्या वेळचे खाणे तोडू नये. घट करायची ती दिवसाच्या निवांत भागात करावी.

५. पाणी कधीही तोडू नये. मूत्राचा रंग गडद पिवळा झाला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. उन्हाळ्यात ताक, आंबील किंवा चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी घ्यावे.

६. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर करावे. वजनाच्या शेजारी धावण्याची वेळ, झोपेचे तास आणि मनाची स्थिती लिहावी. वजन घटत आहे आणि धावण्याची वेळ वाढत आहे, असे दिसले तर चरबीबरोबर बळही जात आहे. तेथेच थांबावे.

७. झोप सात-आठ तासांपेक्षा कमी नसावी. अपुऱ्या झोपेत भूक वाढते आणि संयम घटतो.

मुलींसाठी विशेष

आपल्या विद्यार्थिनी आज कबड्डी, खो-खो, धावणे, कुस्ती अशा सर्वच खेळांत पुढे आहेत. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट संकोच सोडून समजून घ्यावी. सराव भरपूर आणि आहार अपुरा असेल, तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘सरावामुळे होते असे’ म्हणून ती बाब दुर्लक्षू नये. शरीराला ऊर्जा पुरत नाही, ही त्याची सूचना असते. या स्थितीत हाडे ठिसूळ होत जातात आणि साध्या धावण्यानेही हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले आणि तो मुलांनाही होतो, हे स्पष्ट केले. सलग तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. मुलींमध्ये लोहाची कमतरताही मोठी असते. हिरव्या पालेभाज्या, तीळ, कडधान्ये आणि त्यांच्या जोडीला लिंबू किंवा आपल्या वरुड-मोर्शीची संत्री ताटात असावीत. आंबट फळांमुळे लोह अंगी लागण्यास मदत होते.

समारोप

आमचा तो विद्यार्थी दोन दिवसांनी वसतिगृहात परतला. त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर ताट घेऊन बसलो आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "वजन बरोबर भरले होते. चूक ते उतरवण्यात होती आणि ती पहिल्यांदा माझी होती." पुढच्या वर्षी तो वरच्या गटात खेळला. पहिली लढत जिंकला, दुसरी हरला आणि दोन्ही लढतींच्या शेवटच्या फेरीपर्यंत आपल्या पायांवर उभा होता. मला तेवढे पुरेसे होते.

तेव्हापासून आपल्या शाळेत एक नियम मी पाळत आलो आहे. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात कोणाचेही वजन उतरवायचे नाही. ज्या गटात मूल नैसर्गिकरीत्या बसते, त्याच गटात ते खेळते. यामुळे एखादे पदक हुकले असेल. आणि भोजनगृहातील मावशींनी कोणाविषयी काही सांगितले, तर ते त्याच दिवशी ऐकायचे. ज्या वसतिगृहांनी एका पिढीला भुकेतून वर काढले, तेथे पुढची पिढी आपल्या देखत उपाशी राहू नये, एवढी जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

मननासाठी प्रश्न

१. चार दिवसांत तीन किलो वजन घटले, तर त्यात चरबी किती असू शकेल? वर दिलेल्या आकड्यांवरून गणित करा.

२. राजा प्रसेनजिताच्या हकिकतीतील चार नियमांपैकी आपल्या वसतिगृहात कोणता पाळला जातो आणि कोणता राहून जातो?

३. आपल्या एका दिवसाच्या ताटातील प्रथिनांचा हिशेब वहीत मांडा. कमी पडत असल्यास वऱ्हाडातील कोणत्या धान्या-कडधान्याने तो भरून काढाल?

४. तुमच्या शेजारी जेवायला बसणारा मित्र चार दिवस भाकरी घेत नसेल, तर तुम्ही कोणाला सांगाल?